पाळी पुढे ढकलण्याची गोळी : घेण्याआधी एवढे माहीत हवे



वर्षावास सुरू झाला की कोरेगाव आणि आसपासच्या वस्त्यांमधल्या विहारांत संध्याकाळी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन सुरू होते. महिला मंडळाच्या बैठका होतात. दीक्षाभूमीला जायची गाडी ठरते, पैसे गोळा होतात. याच दिवसांत आम्हाला एक प्रश्न हमखास विचारला जातो. बैठकीत तो कुणी विचारत नाही. सगळ्या उठल्यावर, चपला घालता घालता, हळू आवाजात विचारतात, "ताई, ती पाळी पुढं जायची गोळी आसती बगा, तिचं नाव काय?"

नाव सांगायला वेळ लागत नाही. मेडिकलवालाही नाव न विचारता काढून देतो. लग्न, बारसे, भीमजयंती, सहल, दहावी-बारावीची परीक्षा, पोलीस भरतीची धाव, ६ डिसेंबरची चैत्यभूमी. कारणे पुष्कळ आहेत. एकीने आणलेल्या पाकिटातल्या उरलेल्या गोळ्या दुसरीला, दुसरीच्या तिसरीला, अशा वस्तीभर फिरतात. म्हणून या महिन्याचे पान याच विषयाला दिले आहे.

एका ताईची गोष्ट

आमच्या माहितीतल्या एका ताईंची ही हकिकत. त्यांच्या परवानगीने सांगतो, नाव सांगत नाही. वय चाळिशीच्या आतबाहेर, वजन जास्त, बीपीची गोळी चालू होती पण "बरं वाटतंय" म्हणून दोन महिने बंद केलेली. नागपूरला जायचे ठरले आणि तारीख नेमकी प्रवासात येत होती. नणंदेकडे गोळ्या होत्या, त्या यांनी सुरू केल्या. तारीख चुकू नये म्हणून आठ दिवस आधीपासून आणि परत येईपर्यंत, म्हणजे दोन आठवड्यांहून जास्त. रात्रभर आणि दिवसभर गाडीत पाय लोंबकळत ठेवून बसल्या. वाटेत संडासची सोय नाही म्हणून पाणीही घोट घोटच प्यायल्या.

घरी आल्यावर डावी पोटरी दुखू लागली. चालून चालून दुखत असेल म्हणून तेल लावून चोळली. तिसऱ्या दिवशी पाय सुजून टणक झाला, गरम लागू लागला. नशिबाने त्या दिवशी आमची गाठ पडली. एकच पाय सुजलेला पाहून आम्ही चोळणे थांबवायला सांगितले आणि त्यांना थेट साताऱ्याला नेले. सोनोग्राफीत पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी दिसली. वेळेवर औषध सुरू झाले, ताई बऱ्या झाल्या. तीच गुठळी सुटून फुप्फुसात गेली असती तर जिवावर बेतले असते.

हे गोळीमुळेच झाले, असे छातीठोकपणे कुणी सांगू शकणार नाही. वजन, बंद केलेली बीपीची गोळी, तासन्‌तास बसून प्रवास, कमी पाणी आणि वर ही गोळी, सगळे एकत्र आले. पण यातली एकही गोष्ट गोळी देणाऱ्याने विचारली नव्हती. मुद्दा तिथेच आहे.

गोळी काम कशी करते

दर महिन्याला गर्भाशयाच्या आत एक मऊ अस्तर तयार होते. गर्भ राहिला तर त्याला आधार मिळावा म्हणून. हे अस्तर टिकवून धरण्याचे काम प्रोजेस्टेरॉन नावाचे संप्रेरक, म्हणजे हार्मोन, करते. गर्भ राहिला नाही की या हार्मोनचे प्रमाण उतरते, अस्तर सुटते आणि रक्ताबरोबर बाहेर पडते. हीच पाळी.

पाळी पुढे ढकलण्यासाठी बहुतेक वेळा दिले जाणारे औषध म्हणजे नॉरएथिस्टेरॉन. दुकानात ते प्रायमोल्युट-एन, रेजेस्ट्रोन अशा नावांनी मिळते. हे प्रोजेस्टेरॉनसारखेच काम करणारे, बनवलेले हार्मोन आहे. गोळी चालू आहे तोवर शरीराला वाटते, प्रोजेस्टेरॉन अजून उतरलेले नाही. म्हणून अस्तर जागेवर राहते. गोळी थांबवली की साधारण दोन-तीन दिवसांत पाळी येते.

डॉक्टर सहसा ५ मिलिग्रॅमची एक गोळी दिवसातून तीन वेळा देतात आणि ती पाळीच्या तारखेच्या तीन दिवस आधी सुरू करायला सांगतात. हे वाचून स्वतःच सुरू करण्यासाठी आम्ही लिहीत नाही. डॉक्टरांनी दिलेली चिठ्ठी आपल्याला वाचता यावी, समजावी, म्हणून लिहितो. यातून दोन गोष्टी कळतात. पहिली, पाळी सुरू झाल्यावर गोळी घेऊन ती मागे फिरत नाही. दुसरी, दिवसातून एकच गोळी घेतली किंवा मधली विसरली तर डाग पडतात, पाळीही येऊ शकते.

मग ही गोळी सुरक्षित आहे का?

सरळ उत्तर असे. तब्येतीने चांगली असलेली बाई, डॉक्टरांना विचारून, कधीतरी एखाद्या वेळी, थोड्या दिवसांसाठी ही गोळी घेत असेल तर बहुतेकींना मोठा त्रास होत नाही. मळमळ, डोके दुखणे, छाती जड होणे, पोट फुगल्यासारखे वाटणे, चिडचिड, अधूनमधून डाग, असे त्रास होऊ शकतात. गोळी थांबली की तेही थांबतात. पुढची पाळी थोडी जास्त किंवा मागेपुढे होऊ शकते.

पण "बहुतेकींना" यात सगळ्या येत नाहीत. शरीरात गेल्यावर या औषधाचा थोडा भाग इस्ट्रोजेन प्रकारच्या हार्मोनमध्ये बदलतो. आणि इस्ट्रोजेनमुळे रक्त गोठण्याची शक्यता थोडी वाढते. तरुण, निरोगी मुलीसाठी ही वाढ फार लहान असते. जिच्यात आधीच गुठळीचा धोका आहे तिच्यासाठी ती लहान राहत नाही. शिवाय किती दिवस घ्यायची यालाही मर्यादा आहे. साधारण दहा-चौदा दिवसांच्या पुढे, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितल्याशिवाय जाऊ नये. दर महिन्याला, दर कार्यक्रमाला ही गोळी घेणे तर मुळीच योग्य नाही.

यांनी स्वतःहून घेऊ नये

खालीलपैकी एकही गोष्ट आपल्याला लागू असेल तर ती डॉक्टरांना आधी सांगायची. यातल्या काहींना डॉक्टर ही गोळी देणारच नाहीत, काहींना दुसरे औषध देतील.

- गर्भ राहिला असण्याची शंका आहे.
- पूर्वी पायात किंवा फुप्फुसात गुठळी झाली आहे, किंवा आई, बहीण यांना झाली आहे.
- पक्षाघात किंवा हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे.
- बीपी जास्त आहे, मधुमेह आहे, वजन बरेच जास्त आहे.
- कावीळ किंवा यकृताचा आजार आहे, किंवा होऊन गेला आहे.
- स्तनाचा कर्करोग आहे किंवा होता.
- डोळ्यांपुढे काजवे चमकून अर्धशिशी उठते.
- अंगावरून अवेळी रक्त जाते आणि कारण सापडलेले नाही.
- नुकतेच बाळंतपण किंवा ऑपरेशन झाले आहे, पाय प्लास्टरमध्ये आहे, किंवा अंथरुणाला खिळून आहे.
- अंगावर पाजते आहे.
- विडी-सिगारेट ओढते. मिश्री लावत असाल, तंबाखू खात असाल तर तेही सांगा. आपल्याकडे मिश्रीला कुणी व्यसन मानत नाही, पण मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच आहे.

टीबीची आणि फिटची काही औषधे चालू असताना ही गोळी नीट काम करत नाही. डॉक्टरांसमोर टीबीचे नाव घ्यायला लाजू नका.

ही लक्षणे दिसली तर थांबू नका

गोळी चालू असताना किंवा बंद केल्यावरही काही दिवस लक्ष ठेवा. एकाच पायाची पोटरी दुखणे, सुजणे, गरम लागणे. अचानक दम लागणे, छातीत दुखणे, खोकल्यातून रक्त येणे. कधी नव्हे एवढे डोके दुखणे, दिसेनासे होणे, बोबडी वळणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे. डोळे पिवळे होणे. यातले काहीही झाले तर गोळी बंद करा आणि लगेच रुग्णालय गाठा. पाय चोळू नका, शेकत बसू नका. रात्र असली तरी १०८ ला फोन करा. डॉक्टरांना पहिले वाक्य हेच सांगा, "मी पाळी पुढे ढकलायची गोळी घेतली आहे." सासूबाई शेजारी आहेत म्हणून हे लपवू नका.

वस्तीतले काही गैरसमज

"रक्त आत साठून विष होतं, डोक्यात चढतं." तसे होत नाही. पाळीचे रक्त कुठे टाकीत साठलेले नसते. अस्तर सुटले तरच रक्त येते. गोळीने अस्तर सुटतच नाही. आणि मुळात ते रक्त घाणेरडे नाही. हाताला कापल्यावर येते तसलेच रक्त आणि गर्भासाठी तयार झालेले अस्तर, एवढेच त्यात असते.

"एकदा घेतली की मूल होत नाही." थोड्या दिवसांच्या गोळीने वांझपण येते असे नाही.

"गोळी चालू आहे, म्हणजे दिवस राहणार नाहीत." ही गर्भनिरोधक गोळी नाही. याच गैरसमजात एक मुलगी आमच्याकडे आली होती. गोळी बंद करून दहा दिवस झाले तरी पाळी आली नव्हती. तपासणी केली तर दिवस राहिले होते. गोळी थांबवल्यावर आठवडाभरात पाळी आली नाही तर लघवीची तपासणी करून घ्या.

"सरकारी दवाखान्यातल्या गोळ्यांनी पण चालतं." माला-एन ही गर्भनिरोधक गोळी ज्या आधीपासून नियमित घेतात, त्यांना वेगळ्या गोळीची गरज पडत नाही. त्या पाकिटात २१ गोळ्या हार्मोनच्या आणि ७ लोहाच्या असतात. लोहाच्या गोळ्या सोडून दुसरे पाकीट सुरू केले की पाळी पुढे जाते. पण ते सिस्टरना विचारूनच करा, आणि वरच्या यादीतल्या बायकांनी मुळीच नको. 'छाया' गोळीने काहींची पाळी लांबते, पण ती त्या कामासाठी नाही. संबंधानंतर ७२ तासांत घ्यायची तातडीची गोळी तर अजिबातच नाही.

लिंबूपाणी, व्हिनेगर, अमुक खा, तमुक खाऊ नका, याने पाळी ढकलली जात नाही.

आणि आता मुख्य प्रश्न : कशासाठी घ्यायची?

गोळी विचारायला येणाऱ्या बायकांना आम्ही उलट एक प्रश्न विचारतो, "का हवी?" प्रवासात संडास नाही, परीक्षा आहे, भरतीत धावायचे आहे, नवीन लग्न आहे, अशी कारणे आम्ही समजू शकतो. पण पुष्कळ वेळा उत्तर वेगळे येते. "विहारात वंदना हाय ना ताई. आन मी आसली तर कसं?" एका सुनेला सासूने सांगितले होते, ग्रंथाला हात लावायचा नाही. नागपूरला गेलेल्या त्या ताईही शेवटी हेच म्हणाल्या, "दीक्षाभूमीवर इटाळ न्यायचा का?"

भगिनींनो, आपण सत्यनारायण सोडला. उपास-तापास सोडले. देव्हारा काढून तिथे बुद्ध आणि बाबासाहेबांची प्रतिमा लावली. मग 'कावळा शिवला' म्हणून कोपऱ्यात बसणे कुठून राहिले?

विटाळ म्हणजे काय, हे आपल्याला दुसऱ्या कुणी शिकवायची गरज नाही. १९०१ साली लहान भीमराव भावंडांबरोबर साताऱ्याहून वडिलांकडे निघाले, तेव्हा ती मुले मसूर स्टेशनवर उतरली. आपल्या कोरेगाववरून जाते त्याच रेल्वेमार्गावरचे हे स्टेशन. जात कळताच एकही गाडीवाला त्यांना बैलगाडीत घ्यायला तयार होईना. गाडी बाटेल म्हणे. शेवटी दुप्पट भाडे देऊन मुलांनी स्वतः गाडी हाकायची आणि गाडीवान बाजूने चालेल, असे ठरले. जवळ खायला होते, पण रात्रभर प्यायला पाणी मिळाले नाही. बाबासाहेबांनी ही आठवण स्वतः लिहून ठेवली आहे. त्या गाडीवानाच्या डोक्यातला विटाळ आणि आपल्या सुनेला ग्रंथापासून लांब बसवणारा विटाळ, हे एकाच झाडाचे फळ आहे. एक आपण थुंकून टाकले, दुसरे अजून पदराला बांधून ठेवले आहे.

बौद्ध परंपरेत पाळीकडे कसे पाहिले गेले, तेही पाहा. विनयपिटकात भिक्खुनींच्या पाळीचा उल्लेख आहे. त्या दिवसांत कापड वापरण्याची परवानगी आहे, आणि विहारातले सामायिक कापड एकीचे काम झाले की दुसरीला द्यावे असा नियम आहे. म्हणजे प्रश्न सोयीचा आहे, स्वच्छतेचा आहे, वाटून घेण्याचा आहे.

त्रिशरण, पंचशील म्हणायला, ग्रंथ वाचायला, मेणबत्ती लावायला, दीक्षाभूमीवर डोके टेकायला पाळीचा अडसर नाही. त्यासाठी गोळी घेत असाल तर कृपा करून घेऊ नका. जो नियम आपल्या धम्मात नाही, त्याच्यासाठी आपल्या रक्तात गुठळीचा धोका कशाला ओढवून घ्यायचा?

कामासाठी पाळी लपवणे

दुसरे एक कारण पोटाचे असते. दरवर्षी ऊसतोडीच्या हंगामात आपल्या भागात बीडकडच्या टोळ्या येतात. त्यात आपलेही समाजबांधव असतात. एक दिवस खाडा पडला तर मुकादम पैसे कापतो. फडात संडास नाही, पाणी नाही, पाळीतही मोळ्या वाहायच्या. हा त्रास आणि पुढचा खाडा नको म्हणून, अंगावरून जाते म्हणून, कर्करोग होईल अशी भीती घातली म्हणून, कित्येक बायकांनी ऐन तरुणपणी गर्भाशयच काढून टाकले. २०१९ मध्ये हे उघड झाले तेव्हा राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यात ८२ हजारांहून जास्त ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यातल्या १३ हजारांहून जास्त बायकांचे गर्भाशय काढलेले निघाले.

गोळी आणि ऑपरेशन एक नव्हे. पण विचार एकच आहे : कामाची जागा बदलायची नाही, बाईचे शरीर बदलायचे. १९२८ साली मुंबई विधिमंडळात बाबासाहेबांनी बाळंतपणातल्या कामगार बाईला विश्रांती आणि पैसे मिळावेत या विधेयकाची बाजू घेतली होती. कामाने बाईच्या शरीराचा विचार केला पाहिजे, ही मागणी आपल्या चळवळीत नवी नाही.

आणखी एक. ज्यांना दर महिन्याला पाळी नकोशी वाटते, इतके पोट दुखते, सात-आठ दिवस रक्त जाते, गुठळ्या पडतात, दिवसाला पाच-सहा पॅड भिजतात, त्यांनी पाळी ढकलू नये, तपासून घ्यावी. महाराष्ट्रात निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. गोळी घेऊन दुखणे झाकले तर गाठ किंवा कर्करोगही झाकला जातो. कोरेगावच्या सरकारी दवाखान्यात किंवा साताऱ्याच्या क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालयात दाखवा. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. केसपेपरलाही पैसे नाहीत.

आपण काय करू शकतो

गोळी घ्यायचीच असेल तर तारखेच्या निदान आठ-दहा दिवस आधी डॉक्टरांकडे जा. बीपी मोजून घ्या. आपले आजार आणि चालू गोळ्या सांगा. किती दिवस घ्यायची ते लिहून घ्या. उरलेल्या गोळ्या शेजारणीला देऊ नका. लांबचा प्रवास असेल तर पाणी प्या, दर दोन-तीन तासांनी उतरून चाला, बसल्या जागी पायाचे पंजे हलवत राहा. शाळकरी मुलीला परीक्षेसाठी गोळी देण्याआधी हे पाहा की तिला त्रास नेमका कशाचा होतो. दुखत असेल तर डॉक्टरांनी दिलेली दुखण्याची गोळी, गरम पाण्याची पिशवी आणि दप्तरात दोन पॅड एवढ्याने बऱ्याच मुलींचे काम भागते.

आणि विहार समितीच्या बांधवांना एक विनंती. दीक्षाभूमी, चैत्यभूमी किंवा १ जानेवारीला भीमा कोरेगावला गाडी न्याल तेव्हा भाड्याबरोबर थांबेही ठरवा : दर तीन तासांनी, जिथे बायकांना संडास आणि पाणी मिळेल अशाच ठिकाणी. गाडीत एक पिशवी पॅडची, जुन्या कागदांची ठेवा. विहाराच्या संडासाला आतून कडी आणि झाकणाची बादली बसवा. याला फार खर्च येत नाही. एवढे झाले तर आमच्याकडे गोळी मागायला येणाऱ्या निम्म्या बायका येणार नाहीत, असे आम्हाला वाटते.

त्या ताई यंदाही दीक्षाभूमीला निघाल्या आहेत. बीपीची गोळी रोज घेतात. तारीख पुन्हा प्रवासातच येते आहे. आम्ही विचारले, काय करणार? म्हणाल्या, "काय करायचंय? पिशवीत कापडं घेतल्यात. आली तर आली."

जयभीम. नमो बुद्धाय.